राजवाडा, वाडी आणि समुद्राची वाट

आजचा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटलं असेल. संभाजीनगरातल्या इतिहासाच्या व्याख्यानात समुद्रकिनाऱ्यावरचं पंचतारांकित हॉटेल कुठून आलं? इथून मुंबईचा समुद्र तीनशे किलोमीटरच्या वर. पण आपलं शहर पर्यटनावर जगणाऱ्या शहरांपैकी एक आहे, आणि पर्यटनाचा इतिहास आपण फारसा सांगतच नाही. अजिंठा म्हटलं की वाकाटक, हरिषेण, आणि मग १८१९ साली शिकारीला आलेला जॉन स्मिथ. गोष्ट तिथे संपते. त्यानंतर दोनशे वर्षं जी माणसं तिथे येत राहिली, त्यांच्यासाठी जे रस्ते झाले, बंगले झाले, हॉटेलं झाली, ते सगळं जणू इतिहासाच्या बाहेरचं.

आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांकडे एकदा नीट बघा. पांढरे घुमट, टोकदार कमानी, समोर चारबागेची आठवण करून देणारी हिरवळ. हे सगळं कुठून आलं ते सांगायला नको, मकबऱ्यावरून आलं. आता मकबरा ही औरंगजेबाच्या बेगमेची कबर आहे. सतराव्या शतकात आझमशाहाने आईसाठी बांधलेली. म्हणजे कबरीचा आकार घेऊन आपण निजायच्या खोल्या बांधल्या, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही! आम्हीही ते हसण्यावारी नेत होतो. पण ‘स्थानिक परंपरेतून प्रेरणा घेतलेलं हॉटेल’ ही कल्पना आली कधी, आणली कुणी, आणि आकार घेताना मागे काय राहिलं, हे शोधायला लागलो तर वाट थेट किनाऱ्यावर जाते. कारण ही कल्पना तिथेच वाढली.

पन्नाशीच्या दशकातलं मोठं हॉटेल म्हणजे काँक्रीटचा आणि काचेचा उभा डबा. १९५५ साली इस्तंबूलला हिल्टन उघडलं, ते याच जातीचं. प्रवासी कुठेही गेला तरी त्याला तीच खोली, तोच नळ, तोच नाश्ता मिळाला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. मग १९७० साली जंबो जेट आलं. तिकीट उतरलं, शेकडो माणसं एका विमानातून उतरू लागली, आणि युरोपातल्या मध्यमवर्गाला हिवाळ्यात ऊन विकता येतं हे कळलं. ऊन सगळीकडे सारखंच. मग आपल्याकडचं ऊन वेगळं आहे हे दाखवायचं कसं? घरावरून. छपरावरून, पडवीवरून.

म्हणून बघा, साधारण दहा-बारा वर्षांत किती ठिकाणी हे घडलं. श्रीलंकेत जेफ्री बावांचं बेंटोटा बीच हॉटेल १९६९ साली. केरळात कोवळमला चार्ल्स कोरियांनी भारत पर्यटन विकास महामंडळासाठी, म्हणजे आयटीडीसीसाठी, सत्तरीच्या सुरुवातीला डोंगरउतारावर बांधलेलं रिसॉर्ट. गोव्यात ताजचं फोर्ट आग्वाद, १९७४. मलेशियात तांजोंग जारा, १९८०. आणि परत गोव्यात कोरियांचंच सिदाद द गोवा, १९८२. जाता जाता एक सांगतो. कोवळमचं ते सरकारी हॉटेल आणि आपल्या शहरातलं औरंगाबाद अशोक, दोन्ही आयटीडीसीची. दोन्ही निर्गुंतवणुकीच्या एकाच लाटेत, २००२ साली विकली गेली. म्हणजे आपण या गोष्टीच्या अगदीच बाहेर नाही.

यातलं तांजोंग जारा आपल्याला सगळ्यात कमी ठाऊक आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू नावाचं राज्य आहे. पश्चिम किनाऱ्यावर क्वालालंपूर, पेनांग, कथिलाच्या खाणी, रबराचे मळे, बंदरं, पैसा. पूर्वेला मासेमारी, भातशेती आणि नोव्हेंबरपासून अंगावर येणारा ईशान्य मोसमी पाऊस. आपल्या कोकणाला नैर्ऋत्येकडून जो मार बसतो तोच त्यांना उलट्या दिशेने. म्हणून घरं तशीच झाली आहेत. लाकडी, उतरत्या छपराची, पुढे पडवी. फरक एवढाच, की मलय घर जमिनीवर बसत नाही, खांबांवर उभं राहतं. खालून पाणी जावं, वारा जावा, साप-किरडू वर येऊ नये. लाकूड चेंगल नावाचं, आपल्या सागासारखं मानाचं आणि टिकाऊ. जोड खुंट्यांचे. त्यामुळे घर सोडवून दुसरीकडे नेऊन परत उभारता येत असे. मराठवाड्यातले जुने वाडे उतरवून त्यांचे कोरीव खांब कुठल्या कुठे पोचलेले आपण पाहतो. तिथे मात्र घर हलवणं ही मोडतोड नव्हती, ती रीतच होती.

सुलतानांचे वाडे, त्यांचा शब्द ‘इस्ताना’, याच पद्धतीचे. मोठे, जाळीदार, नक्षीचे, पण लाकडीच. सत्तरीत मलेशिया सरकारच्या पर्यटन महामंडळाने डुंगून गावाजवळच्या किनाऱ्यावर हॉटेल बांधायचं ठरवलं तेव्हा नमुना घेतला तो या इस्तानाचा. दुमजली लाकडी इमारती जमिनीपासून उचललेल्या, भाजक्या कौलांची छपरं, त्रिकोणी भिंतीत हवा खेळवणारी जाळी, कोरलेल्या फळ्या.

आता हे सरकारला का सुचलं? नुसत्या हौसेने नाही. १३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत मोठी दंगल झाली. १९७१ साली दोन गोष्टी आल्या. एक नवं आर्थिक धोरण, मलय समाजाला पुढे आणण्यासाठी. दुसरं राष्ट्रीय संस्कृती धोरण, की देशाच्या संस्कृतीचा पाया इथल्या मूळ लोकांची संस्कृती असेल. तेरेंगानू हा मलय बहुसंख्येचा आणि गरीब प्रदेश. तिथे हॉटेल काढायचं, तेही मलय राजवाड्याच्या रूपात, म्हणजे दोन्ही धोरणं एका इमारतीत बसली. आणि आराखडा कुणाचा? होनोलुलूच्या एका कंपनीचा, विम्बर्ली, व्हिसनँड, अ‍ॅलिसन, टाँग अँड गू. हवाई बेटांवरचे वास्तुरचनाकार मलय सुलतानाचा वाडा काढून देतात, ही या गोष्टीतली गंमत आम्हाला फार आवडते.

पण लगेच नाक मुरडू नका. १९८३ साली या हॉटेलाला, आणि जवळच्या रांताऊ आबांगच्या माहिती केंद्राला, आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तो मिळण्याचं कारण विचार करण्यासारखं आहे. तोपर्यंत तिथले लोक लाकूड सोडून सिमेंटकडे वळत होते. सुताराला, कोरीव काम करणाऱ्याला, कौलवाल्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एवढं मोठं सरकारी काम निघाल्यावर त्यांच्या हाताला काम मिळालं, आणि लाकडात आधुनिक इमारत होऊ शकते हे दिसलं. परीक्षकांनी मान दिला तो या धाडसाला. आपल्याकडे हिमरूच्या मागावर बसणारा विणकर शेवटी पर्यटकावरच टिकला, हे आपण जाणतो. तेव्हा ‘पर्यटनाने परंपरा बाटली’ असं एका वाक्यात म्हणणं आम्हाला पटत नाही. कधी कधी पर्यटनानेच ती पोसली.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की राजवाडा नुसता आकार नसतो. इस्तानाच्या पुढे अंगण असे, तिथे रयत येई, फिर्याद सांगे, सणाला जेवे. हॉटेलात तो आकार आला, रयत आली ती वाढपी म्हणून. पुढे हे हॉटेल सरकारकडून एका मोठ्या खासगी समूहाकडे गेलं, आणखी महाग झालं, आणि आता तिथे मलय पाहुणचार, मलय मालिश, मलय जेवण हाच मुख्य माल आहे. गावाचा, म्हणजे त्यांच्या ‘कांपुंग’चा अनुभवही मिळतो. कांपुंग मात्र कुंपणाच्या पलीकडे आहे.

रांताऊ आबांगची ती कासवंही सांगायला हवीत. लेदरबॅक, जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव. पन्नाशीच्या दशकात या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे १०,००० घरटी होत. शतक संपेपर्यंत ती बोटांवर मोजण्याइतकी राहिली. दोष एकट्या पर्यटकांचा नाही. अंडी काढून विकण्याची जुनी चाल होती, समुद्रात मोठ्या जाळ्यांत कासवं अडकत होती, किनाऱ्यावर दिवे आणि गोंगाट वाढला होता. ज्यांना बघायला माणसं येत होती तीच संपली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळास आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांसाठी सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरच्या ओटीवर झोपतात, उकडीचे मोदक खातात. आकार उचलून वेगळं हॉटेल बांधावंच लागलं नाही. अर्थात वेळासला वर्षातले थोडेच दिवस कमाई असते, हेही खरं.

आता गोव्याकडे येऊ. आपल्या शहरातली निम्मी तरुण मंडळी वर्षातून एकदा तिकडे असतात, त्यामुळे नकाशा लावायची गरज नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साठीच्या उत्तरार्धात हिप्पी आले, कळंगुट, हणजूण भागात. ते राहिले मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरात, भाड्याने. पैसा थोडा, पण तो सरळ घरमालकिणीच्या हातात. त्यांच्याबद्दल तेव्हाची वर्तमानपत्रं फार चिडून लिहीत, आणि चिडण्यासारखं बरंच होतं. तरी एक गोष्ट नोंदवावी लागते, की त्यांनी किनाऱ्यावर भिंत घातली नाही.

भिंत घालायला आले ते पुढचे. सिकेरीच्या किनाऱ्याला लागून आग्वादचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी १६१२ साली पुरा केला. ‘आग्वाद’ हे नाव पाण्यावरून पडलं, लांबून आलेली जहाजं इथे गोडं पाणी भरत. याच किल्ल्याच्या खालच्या तटाला धरून १९७४ साली ताजचं हॉटेल उघडलं. शेजारी काही वर्षांनी ‘हॉलिडे व्हिलेज’ आलं, नावातच खेडं. लाल कौलांची सुटी सुटी घरं, पुढे बसायला बलकांव, माडांची सावली. १९८३च्या नोव्हेंबरात दिल्लीला राष्ट्रकुल परिषद झाली आणि तिचे पाहुणे विश्रांतीला इथे आणले गेले, तेव्हा जगाच्या वर्तमानपत्रांत हा किनारा झळकला. त्याच आग्वादच्या डोंगराला तुरुंगही आहे. गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या सत्याग्रहींना तिथे डांबलं होतं, आणि तो २०१५ पर्यंत तुरुंग म्हणून चालू होता. एका अंगाला किल्ल्याची मौज, दुसऱ्या अंगाला कैदी. माहितीपत्रकात पहिलंच अंग येतं, हे ओघाने आलं.

गोव्याच्या घराबद्दल दोन शब्द. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. हिंदू घरात मधे राजांगण आणि त्यात तुळस. ख्रिस्ती घरात पुढे बलकांव, म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना सिमेंटचे किंवा दगडी बाक असलेली छोटी पडवी. हा बलकांव फार हुशार प्रकार आहे. तो घरात नाही आणि रस्त्यावरही नाही. संध्याकाळी घरची माणसं तिथे बसतात, जाणारा-येणारा थांबतो, पाव आणणारा थांबतो, गावच्या बातम्या तिथे कळतात. म्हणजे बलकांवाला रस्ता लागतो, आणि रस्त्याने जाणारी ओळखीची माणसं लागतात. हॉटेलच्या कॉटेजला बलकांव असतो, तिथे बसल्यावर समोर दुसऱ्या कॉटेजचा बलकांव दिसतो. तिथेही पाहुणाच बसलेला!

तीच गोष्ट वाळूची. आपण डोंगरपठारावरची माणसं समुद्रकिनारा म्हणजे मोकळी, रिकामी जागा समजतो. मच्छीमाराला तो रिकामा दिसत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात रापण नावाची मासेमारी आहे. एक होडी लांबलचक जाळं घेऊन अर्धगोल फेरा मारते आणि जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणून देते. मग पन्नास-पन्नास माणसं, कधी त्याहून जास्त, दोन रांगांत उभी राहून ते जाळं वाळूवर ओढतात. मासळीचे वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. याला लागते ती लांब-रुंद मोकळी वाळू, जाळी सुकवायला जागा, होड्या वर ओढायला जागा आणि वाड्यापासून तिथवर यायला पायवाट. सत्तरीच्या उत्तरार्धात यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा गोव्यातल्या रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांबरोबर मोठं आंदोलन केलं. समुद्राकडून ट्रॉलर आणि जमिनीकडून हॉटेल, असे ते दोन्हीकडून आवळले गेले. याच लोकांच्या घराचा आकार हॉटेलवाल्यांनी घेतला होता.

१९८७ साली जर्मनीहून काँडोर कंपनीची चार्टर विमानं थेट दाबोळीला उतरू लागली. त्याच सुमारास ‘जागृत गोंयकारांची फौज’ उभी राहिली आणि तिने या पाहुण्यांसमोरच निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं पर्यटक नकोत असं सरसकट नव्हतं. पाणी, वीज, किनारा आधी गावाला, असं होतं. पंचतारांकित हॉटेलच्या हिरवळीला पाणी आणि शेजारच्या वाड्यावर टँकर, हे चित्र मराठवाड्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आता कोरियांचं सिदाद द गोवा. हे आम्ही मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण या गोष्टीचा पेच इथेच आहे.

चार्ल्स कोरिया मूळचे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म मात्र १९३० साली सिकंदराबादचा, म्हणजे आपल्याच निजामाच्या राज्यातला. दोना पावलाजवळ वायंगिणी नावाचा छोटासा, दोन टेकड्यांच्या कुशीत बसलेला किनारा आहे. तिथे त्यांनी हे हॉटेल १९७८ ते १९८२ या काळात उभं केलं. नावाचा अर्थ ‘गोवा शहर’. आणि खरोखर ते गल्ल्या, चौक, गच्च्या असलेल्या लहानशा शहरासारखं मांडलं आहे. पण कोरिया हुशार. त्यांनी जुन्या घराची हुबेहूब नक्कल केली नाही. भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारं, खोटी माणसं रंगवून घेतली. खरी कमान कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते, हे थोडं चक्रावून टाकतं. आमच्या मते या सगळ्या हॉटेलांत हे सर्वांत प्रामाणिक. ते सांगतंच, की हे नाटकाचं नेपथ्य आहे, तुम्ही दोन रात्री रंगमंचावर राहायला आला आहात.

वास्तुरचनाकाराने एवढा प्रामाणिकपणा दाखवला, पण जमिनीचे कागद वेगळीच गोष्ट सांगतात. हॉटेलच्या कंपनीसाठी सरकारने भूसंपादन कायद्याखाली जमीन घेऊन दिली. १९८३ साली सरकार आणि कंपनी यांच्यात करार झाला, त्यात अट होती की लोकांना किनाऱ्यावर जायला वाट ठेवायची. काही भागावर बांधकाम करायचं नाही असंही ठरलं होतं. पुढे विस्तार झाला आणि बांधकाम त्या भागावर आलं, वाटेचा तंटा उभा राहिला. मिंगेल मार्टिन्स आणि गोवा फाउंडेशन कोर्टात गेले. २००० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी २००९ मध्ये तिथेही ती हरली. किनाऱ्याची वाट लोकांची आहे, आणि अटी मोडून केलेलं बांधकाम पाडा, असा तो निकाल.

कोर्टाने आधार घेतला तो ‘सार्वजनिक विश्वस्त’ या तत्त्वाचा. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ हे सर्वांचं, ही कल्पना सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या कायद्याच्या ग्रंथात आहे. सरकार या गोष्टींचं मालक नसतं, राखणदार असतं. भारतात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट मांडलं १९९६ साली, मनालीजवळ बियास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका मोटेलच्या खटल्यात. म्हणजे आपल्या देशात नदी-समुद्र कुणाचे, हा कायदा घडला तो पाहुण्यांच्या खोल्यांवरून. इतिहासाची अशी विनोदबुद्धी आम्हाला अधूनमधून भेटते.

निकालानंतर काय झालं? गोवा सरकारने त्याच वर्षी भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली, आणि ती लागू केली १९६४ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. पंचेचाळीस वर्षं मागे जाऊन करार बदलला म्हणा ना. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली, इमारती राहिल्या. किनारा लोकांचा हे २००९च्या निकालातलं म्हणणं मात्र नंतरच्या खटल्यांत उपयोगी पडत राहिलं. आपण यातून कुणाची जीत म्हणायची ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला तरी यात एक गोष्ट ठळक दिसते. हॉटेलच्या भिंतीवर शहर रंगवता आलं, शहराचे रस्ते रंगवता आले. पण शहरात कुणीही यावं, जावं, हा शहराचा पहिला गुण आहे, आणि तोच कोर्टात मागावा लागला.

इथे कुणी विचारेल, सरकारला हे आधी कळत नव्हतं का? कळत होतं. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेपासून किमान ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. पत्राला कायद्याचं रूप यायला दहा वर्षं लागली, १९ फेब्रुवारी १९९१ची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना, जिला आपण सीआरझेड म्हणतो. त्यानंतर तिच्यात इतक्या दुरुस्त्या झाल्या, की ५०० मीटर कुठे, २०० कुठे आणि ५० कुठे, हे कळायला वकील लागतो.

आपल्याकडेही वाटेचा प्रश्न आहेच. अजिंठ्याला आपण आता फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी ठेवतो आणि पुढचे चार किलोमीटर बसने जातो. कारण योग्य आहे, धूर चित्रांना बाधतो. पण त्या बदलात लेण्यांच्या पायथ्याशी बसणारे दुकानदार तिथून टी-पॉइंटवर हलले, आणि लेण्यांच्या प्रतिकृती असलेलं मोठं पर्यटक केंद्रही त्याच बाजूला उभारलं गेलं. आपल्या जिल्ह्यातल्या पर्यटनाच्या इतिहासात फर्दापूरच्या माणसांना काय वाटलं, याला एक प्रकरण द्यायला हवं. ते काम इथल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावं असं आम्ही बऱ्याच वर्षांपासून म्हणतो आहोत.

शेवटी महाराष्ट्राचा स्वतःचा किनारा, सिंधुदुर्ग. १९९७ साली हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. गोव्याच्या सीमेला लागून वेंगुर्ला तालुक्यात शिरोडा आहे. मराठी वाचकाला हे नाव वि. स. खांडेकरांमुळे माहीत. १९२० ते १९३८ ते तिथे शाळेत शिकवत होते. दुसरी आठवण मिठाची. १९३० साली मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, महाराष्ट्रातून शेकडो माणसं तिथे गेली, लाठ्या खाल्ल्या. मागणी काय होती? समुद्राच्या पाण्यापासून झालेलं मीठ उचलायचा हक्क. किनारा सर्वांचा, हे तत्त्व शिरोड्याच्या लोकांनी जस्टिनियन न वाचताच मांडलं होतं.

याच शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर, सुरूच्या बनाजवळ, ताजचं रिसॉर्ट व्हायचं ठरलं. जमीन नव्वदीच्या दशकात संपादित झाली. विरोधही तेव्हापासून. घरं, बागायती, छोटे न्याहारी-निवास चालवणारे स्थानिक, सगळे त्यात होते. जून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५४.४० हेक्टर जागा ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीला देण्याचा निर्णय घेतला. रोजगार येईल, रस्ते होतील, असं म्हणणारे लोकही गावातलेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. कोकणातल्या घरातली मुलं मुंबईला किंवा गोव्याला नोकरीला जातात, त्यांना घराजवळ काम हवं आहे. तेरेंगानूच्या सुतारालाही हवंच होतं.

पण नव्वद वर्षं म्हणजे बघा, २१११ साल उजाडेल. आज जाळं ओढणाऱ्याचा पणतू तेव्हा म्हातारा असेल. वायंगिणीला तंटा झाला तो इमारत चांगली की वाईट यावर नाही, करारातल्या वाटेच्या अटीवर. म्हणून वेळागरच्या कागदांत आपण छपराचा आकार बघण्याआधी नकाशा बघू. वाड्यावरून वाळूपर्यंत पायवाट कुठून जाते, तिची रुंदी किती, रापणीची होडी वर ओढायला जागा किती सोडली आहे, आणि ती वाट बंद झाली तर दाद कुणाकडे मागायची, हे त्यात लिहिलेलं असतं, किंवा नसतं.